आकडा नॉर्मल, पेशंट नाही

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा, म्हणजे ईएमटीचा, अभ्यासक्रम करणाऱ्यांची निघाली. मी आधी अ‍ॅम्ब्युलन्सवर काम केलं आणि आता हाच विषय शिकवते, त्यामुळे उत्तरं देताना हात जरा सैल सुटला आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : छाती दुखली तर हे करा, दम लागला तर ते करा, असे प्रोटोकॉल आम्हाला दिलेले आहेत. ते पाठ केले की काम भागतं. मग पेशी, एटीपी, हृदयाचे कप्पे हे सगळं कशासाठी? आम्हाला डॉक्टर थोडंच व्हायचंय?

प्रोटोकॉलच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं, ‘पेशंट शॉकमध्ये असेल तर’. आहे की नाही, हे मात्र तो कागद सांगत नाही. ते तुम्हाला ठरवावं लागतं, तेही अपुऱ्या उजेडात आणि नातेवाईक आजूबाजूला ओरडत असताना. शरीरशास्त्र लागतं ते तिथे.

डॉक्टर होण्याइतकं नको, कबूल. पण एक प्रवास डोळ्यांसमोर पक्का हवा. हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतो. तो नाकातोंडातून श्वासनलिकेत, तिथून फुप्फुसातल्या वायुकोशांत, वायुकोशाच्या पातळ भिंतीतून रक्तात, मग हिमोग्लोबिनवर स्वार होऊन हृदयाच्या जोरावर केशवाहिनीपर्यंत आणि शेवटी पेशीत जातो. पेशीला तो मिळाला तर ग्लुकोजच्या एका रेणूतून एटीपीचे, म्हणजे पेशी ज्यावर चालते त्या इंधनाचे, तीसेक रेणू निघतात. नाही मिळाला तर फक्त 2, आणि वर आम्ल साचतं ते वेगळंच. तेवढ्या ऊर्जेवर पेशीच्या आवरणातले सोडियम-पोटॅशियम पंप चालत नाहीत. सोडियम आत साचतं, त्याच्यामागे पाणी येतं, पेशी फुगते आणि मरते. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण ऑक्सिजनचा वाटा सुमारे 20 टक्के. म्हणून रक्तपुरवठा थांबला की 4 ते 6 मिनिटांत त्याचं कायमचं नुकसान सुरू होतं.

आता तुमचं कुठलंही काम घ्या. जबडा उचलणं, सक्शनने घसा साफ करणं, बॅगने श्वास देणं, जखम दाबून धरणं, छाती दाबणं. यातलं प्रत्येक काम या वाटेवरच्या कुठल्या तरी एका ठिकाणचा अडथळा दूर करतं. पेशंटकडे पाहून ‘वाट कुठे अडली आहे?’ हे ओळखता आलं की कुठलं पान उघडायचं ते कळतं.

आणखी एक. हे सगळं बिघडत असताना शरीर स्वस्थ बसत नाही, ते भरपाई करत राहतं. भरपाई चालू असेपर्यंत आकडे छान दिसतात. म्हणून आकडा किती आहे याच्या जोडीला तो आकडा राखायला शरीराला किती मेहनत पडते आहे, हे बघायची सवय लावा. पुढच्या बहुतेक उत्तरांत मी हेच पुन्हा पुन्हा बोलणार आहे, तेव्हा कंटाळू नका.

प्रश्न : मिनिटाला 40 श्वास घेणाऱ्या माणसालाही बॅग-मास्कने श्वास द्यावा लागू शकतो, असं आमच्या सरांनी सांगितलं. जो आधीच इतका भराभर श्वास घेतोय, त्याला आपण आणखी कसला श्वास देणार?

वही काढा आणि हिशेब मांडा. मोठा माणूस शांत बसलेला असताना एका श्वासात सुमारे 500 मिली हवा घेतो. त्यातली 150 मिली नाक, घसा आणि नळ्यांमध्येच राहते. तिथे रक्ताशी देवाणघेवाण होत नाही. उरलेली 350 मिली कामाची. मिनिटाला 12 श्वास धरले तर वायुकोशांपर्यंत 4200 मिली हवा पोचते.

तुमच्या सरांच्या पेशंटचा श्वास उथळ आहे. समजा, एका वेळी 200 मिली. मिनिटाला 40 म्हणजे 8 लिटर. वरवर पाहता हा आकडा निरोगी माणसाच्या 6 लिटरपेक्षा जास्त. पण प्रत्येक श्वासातली 150 मिली वाटेतच संपते, उरते 50. तिला 40 ने गुणा. 2000 मिली. म्हणजे धापा टाकणाऱ्या या माणसाला निरोगी माणसाच्या निम्मीही कामाची हवा मिळत नाही, आणि तेवढ्यासाठी त्याचे स्नायू मात्र राबून राबून थकत आहेत.

म्हणून श्वास मोजताना घड्याळाइतकंच छातीकडे बघा. छाती किती वर येते? एका दमात तो किती शब्द बोलतो? पूर्ण वाक्य, की दोन शब्द, की नुसती मान हलवतो? मानेचे स्नायू ताणले जातात का, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का? दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढे वाकून बसलाय का? यातलं सगळं दिसतंय आणि त्यातच तो झोपाळू होऊ लागला, तर ‘आता जरा शांत झाला’ असं अजिबात समजू नका. कार्बन डायऑक्साइड साचला की माणूस पेंगतो. दम्याच्या पेशंटची शिट्टी वाजायची अचानक थांबली आणि स्टेथोस्कोपमध्ये काहीच ऐकू येईना, तर शिट्टी वाजण्याइतकीही हवा आत-बाहेर होत नाही, असा त्याचा अर्थ.

नॉन-रिब्रीदर मास्क, म्हणजे ऑक्सिजनची पिशवी जोडलेला साधा मास्क, इथे का पुरत नाही, हेही याच हिशेबातून समजतं. मास्क हवेतल्या ऑक्सिजनचं प्रमाण वाढवतो, हवा आत ढकलत नाही. ढकलायचं काम बॅग-मास्कच्या हाताने दाबायच्या बॅगचं. पेशंट शुद्धीवर असेल तर त्याच्या श्वासाच्या सुरुवातीला हलकेच बॅग दाबून त्याचा श्वास मोठा करायचा. स्वतःचा श्वासच नसलेल्या, पण नाडी असलेल्या मोठ्या माणसाला दर 6 सेकंदांना एक, छाती दिसेल इतपतच वर येईल असा. घाईघाईने पंपिंग करणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात. त्याने हवा पोटात जाते, उलटी होते, आणि छातीतला दाब वाढल्यामुळे हृदयाकडे परतणारं रक्त अडतं.

उलटा प्रकारही लक्षात ठेवा. श्वास भराभर, पण खोल आणि छाती अगदी स्वच्छ. अशा वेळी ‘घाबरलाय, दुसरं काही नाही’ हे निदान फार चटकन केलं जातं. मधुमेहात कीटोनची आम्लं वाढली की फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून रक्तातली आम्लता कमी करायला धडपडतात. 1874 साली अ‍ॅडॉल्फ कुसमाऊल या जर्मन डॉक्टरने या श्वासाचं वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव त्याला चिकटलं. अशा पेशंटच्या तोंडावर कागदी पिशवी धरणं म्हणजे त्याच्या शरीराने उघडलेलं एकमेव दार बंद करणं.

प्रश्न : डावं-उजवं कुणाचं लिहायचं? माझा नेहमी गोंधळ होतो.

पेशंटचं. नेहमी पेशंटचंच, तो पालथा असला तरी.

प्रश्न : प्रात्यक्षिकासाठी अ‍ॅम्ब्युलन्सवर होतो. दुचाकीवरून पडलेला तरुण. बीपी 118/90, नाडी 124. शुद्धीवर होता, नीट बोलत होता, फक्त सारखं पाणी मागत होता. मी ‘बीपी नॉर्मल’ लिहिलं. सीनियरनी त्याच्या हाताला हात लावला आणि ‘शॉक आहे, चला’ म्हणून गाडी काढायला सांगितली. त्यांना असं काय दिसलं, जे मला दिसलं नाही?

त्यांनी चार गोष्टी हेरल्या असणार. त्यातल्या तीन तुम्ही स्वतःच पत्रात लिहिल्या आहेत. चौथी त्यांच्या हाताला लागली.

पेशींना पुरेसं रक्त न पोचणं म्हणजे शॉक. या व्याख्येत बीपीचं नावसुद्धा नाही, हे आधी पक्कं करा.

पहिली गोष्ट नाडी. निरोगी हृदय एका ठोक्यात साधारण 70 मिली रक्त फेकतं. मिनिटाला 70 ठोके म्हणजे 4900 मिली. पोटात कुठे तरी रक्तस्राव चालू आहे, हृदयाकडे परतणारं रक्त कमी झालंय, आणि एका ठोक्याला आता 40 मिलीच बाहेर पडतंय असं धरा. आकडा मी समजण्यापुरता घेतला आहे. 40 गुणिले 124 म्हणजे 4960. पुरवठा जवळपास तेवढाच, पण त्यासाठी हृदय पावणेदोन पट वेगाने धावतंय. हे फार काळ जमत नाही. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात हृदय भरतं, आणि हृदयाच्या स्वतःच्या स्नायूलाही मुख्यतः त्याच वेळात रक्त मिळतं. वेग वाढत गेला की दोन्हींवर गदा येते.

दुसरी गोष्ट त्या 118/90 मधला खालचा आकडा. तो कुणी बघतच नाही! वरून खालचा वजा करा, 28 उरतात. एरवी हा फरक 40 च्या आसपास असतो. वरच्या आकड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा तो कमी झाला की सावध व्हायचं. इथे 118 चा चौथा हिस्सा साडेएकोणतीस. फरक आकसतो, कारण एका ठोक्यातलं रक्त कमी झाल्याने वरचा आकडा घसरू पाहतो आणि आवळलेल्या रक्तवाहिन्या खालचा आकडा चढवतात. वाहिन्या आवळण्याचं काम अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनचं.

तेच सीनियरच्या हाताला लागलं. त्या तरुणाचा हात गार आणि घामाने ओलसर असणार. पगार कमी झाला की घर आधी हौसेचे खर्च कापतं आणि भाडं-औषधं चालू ठेवतं. शरीर तसं आधी कातडी, मग आतडी, मग मूत्रपिंडं यांचं रक्त कापतं आणि मेंदू-हृदय सांभाळतं. म्हणून तो नीट बोलत होता. नीट बोलणारा पेशंट पाहून आपण निर्धास्त होतो, पण तो नीट बोलावा म्हणून बाकीचं सगळं शरीर उपाशी राहिलेलं असतं.

आणि पाणी. रक्त कमी झालं की अँजिओटेन्सिन हे संप्रेरक वाढतं आणि मेंदूला तहान लागते. अपघातानंतर सारखं पाणी मागणारा, उगाच अस्वस्थ होणारा, ‘मला इथून उठू द्या’ म्हणणारा पेशंट कटकट्या नसतो, त्याचं रक्त जात असण्याची शक्यता असते. (पाणी पाजायचं नाही. त्याच्यावर ऑपरेशन होण्याची शक्यता आहे.)

बीपी कधी पडतं मग? मोठ्या माणसात किलोमागे साधारण 70 मिली रक्त, म्हणजे 70 किलोच्या माणसात 5 लिटरच्या जवळपास. पाठ्यपुस्तकी वर्गवारी अशी की 15 टक्क्यांपर्यंत रक्त गेलं तर फारसं काही दिसत नाही. 15 ते 30 टक्क्यांत नाडी वाढते आणि तो फरक आकसतो. 30 टक्क्यांपुढे, म्हणजे दीड लिटर गेल्यावर, वरचा आकडा कोसळायला लागतो. तुम्ही ‘बीपी पडलं’ असं लिहायला पेन उघडाल तेव्हा दीड लिटर आधीच गेलेलं असेल. एवढं रक्त दडायला जागा मोजक्याच आहेत: छाती, पोट, कटिभाग आणि मांड्या. मांडीचं एक हाड मोडलं तर एक ते दीड लिटर तिथेच मुरू शकतं, बाहेर थेंब न दिसता.

अपवाद मात्र माहीत हवेत. बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचा वेग आवरणारी औषधं, घेणाऱ्याची नाडी वाढतच नाही, म्हणून औषधांची चौकशी करा. ज्याचं रोजचं बीपी 170 आहे अशा आजोबांचं 118 हे पडलेलं बीपी आहे. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढलेलं असल्यामुळे खुणा उशिरा दिसतात. आणि 20 आठवड्यांनंतर उताणं झोपवलं तर गर्भाशय मोठी शीर दाबतं, म्हणून डाव्या कुशीवर. मज्जारज्जूला मार लागून आलेल्या शॉकमध्ये कातडी गरम-कोरडी आणि नाडी संथ असू शकते, कारण वाहिन्या आवळण्याचा हुकूमच खाली पोचत नाही.

करायचं काय, हे तुमच्या सीनियरनी दाखवलंच. बाहेरचं रक्त दाबून थांबवा, हाता-पायाचं दाबून थांबत नसेल तर जखमेपासून धडाच्या बाजूला, सांध्यावर न येईल अशी टूर्निकेट (रक्त थांबवणारी आवळपट्टी) बांधून वेळ लिहा. आडवं झोपवा, ऑक्सिजन द्या, निघा. आणि पांघरूण घाला. पांघरुणाकडे विद्यार्थी केवळ माणुसकी म्हणून बघतात. अंग गार पडलं की रक्त गोठवणारी प्रथिनं मंदावतात, रक्त आणखी वाहतं, ऑक्सिजन आणखी कमी पडतो, आम्ल वाढतं, आणि आम्लानेही गोठणं बिघडतं. हे चक्र एकदा सुरू झालं की ते मोडणं सर्जनलाही जड जातं.

प्रश्न : ऑक्सिमीटर 98 दाखवत असेल तर ऑक्सिजन द्यावा का? एक सर म्हणतात सगळ्यांना द्या, दुसरे म्हणतात गरज नसताना देऊ नका.

आता दुसऱ्या सरांचं बरोबर आहे, पण त्यातही मेख आहे. बहुतेक मार्गदर्शक सूचनांत 94 टक्के किंवा वर ठेवा असं असतं, आणि सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या, जुन्या पेशंटसाठी 88 ते 92. छातीत दुखतंय, पण दम नाही आणि आकडा चांगला आहे, तर नुसत्या सवयीने मास्क लावायची गरज नाही. शॉक, धुरात सापडलेला माणूस आणि बंद पडलेलं हृदय यांत मात्र आकड्याकडे न बघता भरपूर द्या. तुमच्या सेवेचा प्रोटोकॉल अर्थात शेवटचा शब्द.

मेख अशी की यंत्र काय मोजतं हे माहीत हवं. 1970 च्या दशकात जपानमध्ये ताकुओ आओयागी या इंजिनिअरने त्यामागची कल्पना मांडली. बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश सोडायचे, आणि नाडीबरोबर त्यांच्या शोषणात होणाऱ्या बदलावरून हिमोग्लोबिनचा किती भाग भरलेला आहे ते काढायचं. किती ‘भाग’ हे लक्षात घ्या. एकूण हिमोग्लोबिन किती उरलंय, हे त्याला ठाऊक नसतं. दीड लिटर रक्त गमावलेला माणूस ऐटीत 99 दाखवू शकतो. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो, आणि साध्या यंत्राला तेही भरलेलंच वाटतं. गार पडलेली बोटं आणि नखांवरचा गडद रंग यांनी आकडा चुकतो. त्वचा जास्त सावळी असेल तर तो खऱ्यापेक्षा किंचित जास्त येऊ शकतो.

90 च्या आकड्याचं महत्त्वही नुसतं पाठ करू नका. हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन यांचा आलेख वर सपाट असतो आणि 90 च्या खाली घसरगुंडी सुरू होते. 98 वरून 94 वर यायला वेळ लागेल, 88 वरून 75 वर यायला फारसा लागत नाही. शिवाय बोटावरचा आकडा खऱ्या स्थितीच्या मागे चालतो.

प्रश्न : ग्लासगो कोमा स्केलचे आकडे लक्षात राहत नाहीत. शून्यापासून सुरू का नाही?

पेशंट किती शुद्धीत आहे हे मोजायची ही पट्टी. जास्तीत जास्त गुण असे: डोळे 4, बोलणं 5, हालचाल 6. काहीच प्रतिसाद नसला तरी प्रत्येकी 1, म्हणून सगळ्यात कमी 3. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी 1974 मध्ये ते मांडलं, आणि त्यांचा हेतू पेशंटमधला बदल वेगवेगळ्या माणसांना एकाच भाषेत टिपता यावा हा होता. त्यामुळे नुसतं ‘12’ लिहिण्यापेक्षा तीन आकडे वेगळे लिहा, आणि काही मिनिटांनी पुन्हा लिहा. 14 वरून 11 वर उतरणारा पेशंट, मघापासून 11 वरच असलेल्यापेक्षा मला जास्त घाबरवतो.

डोक्याला मार असेल तर बीपीकडेही बघा. कवटी बंद डबा आहे. आत सूज किंवा रक्त वाढलं की दाब वाढतो आणि मेंदूत रक्त शिरेनासं होतं. मग शरीर बीपी चढवून रक्त रेटतं. चढलेलं बीपी पाहून मानेतले दाब-संवेदक हृदयाला मंदावतात. बीपी 190, नाडी 52, श्वास अनियमित. हे चित्र हार्वी कुशिंगच्या नावाने ओळखतात. वरचं बीपी 90 च्या खाली किंवा ऑक्सिजन 90 च्या खाली अगदी थोडा वेळ जाणंही अशा मेंदूला महागात पडतं.

प्रश्न : दारू प्यायलेला आणि शुगर कमी झालेला माणूस ओळखायचा कसा?

बघून ओळखायच्या फंदात पडू नका, बोटाला सुई टोचा. दोघंही बरळतात, अडखळतात, मारायला धावतात, आणि एकाच माणसात दोन्ही असू शकतं, कारण दारू यकृताला नवी साखर बनवू देत नाही. 70 मिलिग्रॅमच्या खाली कमी, 54 च्या खाली गंभीर. कमी साखरेमुळे एका बाजूची ताकदही जाऊ शकते, म्हणून पक्षाघात वाटला तरी टोचा. गिळता येत असेल तरच तोंडाने ग्लुकोज.

प्रश्न : वय 38, कला शाखेची पदवी. विज्ञानाशी दहावीनंतर संबंध नाही. हा अभ्यासक्रम झेपेल का?

झेपेल. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये 1967 साली फ्रीडम हाउस नावाची अ‍ॅम्ब्युलन्स सेवा उभी राहिली. तिथे डॉ. पीटर साफर यांच्या आखणीनुसार प्रशिक्षण घेतलेल्या अनेकांचं शालेय शिक्षणही पूर्ण नव्हतं, आणि आजच्या पॅरामेडिक प्रशिक्षणाचा पाया त्यांच्या कामात आहे. तुम्हाला रसायनशास्त्राची सूत्रं लागणार नाहीत. वर केलेले गुणाकार जमले ना? मग अर्ज भरा. पहिल्या महिन्यात श्वसन आणि रक्ताभिसरण एवढंच पक्कं करा, हाडांची नावं नंतर येतील.

प्रश्न : लहान मुलांचं प्रकरण फार भीतिदायक वाटतं. सगळे आकडे वेगळे. निदान काय लक्षात ठेवावं?

आकड्यांचा तक्ता खिशात ठेवा, त्यात काही लाज नाही. लक्षात ठेवायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

मुलांचं हृदय सहसा स्वतःहून बंद पडत नाही, आधी श्वास बिघडतो. त्याचं कारण श्वासाच्या नळीच्या मापात आहे. नळीचा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो. बाळाची नळी 4 मिलिमीटर व्यासाची धरा. आतून सगळीकडे 1 मिलिमीटर सूज आली की व्यास 2 राहिला, निम्मा. अडथळा 16 पट. मोठ्या माणसाच्या 8 मिलिमीटरच्या नळीत तेवढीच सूज आली तर व्यास 6, अडथळा तिपटीच्या थोडा वर. रडल्याने हवा खळबळते आणि अडथळा याहूनही वाढतो. म्हणून दम लागलेल्या मुलाला आईच्या मांडीवरून ओढून स्ट्रेचरवर बांधू नका. तिच्या मांडीवरच राहू द्या, आणि ऑक्सिजनची नळी तिच्याच हातात द्या.

लहान मुलाची नाडी मंदावली तर आधी ‘ऑक्सिजन पोचत नाहीये’ असं समजा आणि श्वास द्या. नीट श्वास देऊनही 60 च्या खाली आणि अंग निस्तेज असेल तर छाती दाबायला सुरुवात करा, नाडी लागत असली तरी. 1 ते 10 वर्षांत वरच्या बीपीची खालची मर्यादा 70 अधिक वयाची दुप्पट. 4 वर्षांच्या मुलाला 78. पण मुलांच्या वाहिन्या इतक्या जोरात आवळतात की बीपी अगदी शेवटपर्यंत टिकतं आणि मग एकदम कोसळतं. त्याआधी कातडीचा रंग, बोट दाबून सोडल्यावर लाली परतायला 2 सेकंदांपेक्षा जास्त लागतात का, आणि मूल आईकडे बघतंय का, हे तीन बघा.

आणि बाळाचं डोकं मोठं असतं, उताणं ठेवलं की मान पुढे वाकते आणि नळी मुडपते. खांद्यांखाली दुमडलेला टॉवेल.

प्रश्न : सीपीआरच्या परीक्षेत माझी खोली आणि वेग बरोबर होता, तरी ‘छाती वर येऊ देत नाही’ म्हणून गुण कापले. दाबणं महत्त्वाचं ना?

गुण बरोबर कापले. खोली 5 ते 6 सेंटिमीटर, वेग मिनिटाला 100 ते 120, हे तुम्ही केलंत. पण दाबल्यावर रक्त बाहेर जातं. ते पुन्हा आत येतं हात उचलल्यावर. छाती पूर्ण वर आली की आत किंचित ओढ तयार होते, शिरांतलं रक्त हृदयात भरतं, आणि हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या कोरोनरी धमन्यांतूनही प्रवाह मुख्यतः त्याच क्षणी होतो. तळहात छातीवर टेकलेलेच राहू द्या, पण अंगाचा भार ठेवू नका. भार राहिला तर पुढच्या दाबाला फेकायला रक्तच कमी.

थांबू नका म्हणतात त्याचंही कारण तेच आहे. कोरोनरीतला दाब एकामागोमाग एक दाब देत हळूहळू चढतो आणि हात थांबले की लगेच उतरतो. पुन्हा सुरुवात केली की पहिले काही दाब तो परत चढवण्यातच जातात. 1960 मध्ये कोवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी बंद छातीवरून हृदय दाबण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यातला कोवेनहोवन हा विद्युत अभियंता होता. कुत्र्यांवर विजेच्या झटक्याचे प्रयोग करताना, जड इलेक्ट्रोड छातीवर दाबले की धमनीतला दाब वाढतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. दाबाच्या आलेखावर नजर असल्याशिवाय ते दिसलं नसतं.

पुढच्या परीक्षेत दर 2 मिनिटांनी माणूस बदला, दमल्यासारखं वाटत नसलं तरी. थकवा जाणवायच्या आधीच खोली कमी झालेली असते, आणि दमलेला माणूस सगळ्यात आधी भार टाकून रेलायला लागतो. बदली करणारा समोरच्या बाजूला गुडघ्यांवर तयार बसलेला हवा, म्हणजे मधला खंड 5 सेकंदांच्या आत आटोपतो.